पेट्रोल फवारणी पंप

पेट्रोल फवारणी पंप हे लहान पेट्रोल इंजिनावर चालणारे, पाठीवर वाहून नेण्याचे पीकसंरक्षण यंत्र आहे. विदर्भातील कापूस पट्ट्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या भागात, खरीप हंगामात कपाशीवरील फवारणीसाठी हातपंपाबरोबरच बॅटरीवरील व पेट्रोलवरील पंप वापरले जातात.

इंजिन व इंधन

यातील इंजिन द्विघाती (टू-स्ट्रोक) किंवा चतुर्घाती (फोर-स्ट्रोक) असते. द्विघाती इंजिनात वंगणासाठी स्वतंत्र कप्पा नसतो; म्हणून पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावे लागते. प्रमाण उत्पादकाने दिलेले पाळावे. २५:१ म्हणजे एका लिटरला ४० मिली, तर ५०:१ म्हणजे २० मिली. तेल कमी पडल्यास पिस्टन व सिलिंडर घासून इंजिन जाम होते. जास्त झाल्यास धूर वाढतो व प्लगवर काजळी बसते. दोन्हींत पहिली चूक महाग पडते. चतुर्घाती इंजिनात मात्र साधे पेट्रोल घालतात आणि इंजिन ऑइलची पातळी वेगळी तपासतात. दोन्ही प्रकारांच्या इंधनाच्या डब्यांवर खूण करून ठेवणे सोयीचे असते.

थंड इंजिन सुरू करताना चोक बंद ठेवून दोरी ओढतात व इंजिन धरल्यावर तो हळूहळू उघडतात. वारंवार ओढूनही ते सुरू न झाल्यास सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले असू शकते. अशा वेळी प्लग काढून पुसावा, छिद्र उघडे ठेवून दोरी काही वेळा ओढावी व पुन्हा प्लग बसवावा. हे काम सांडलेल्या पेट्रोलपासून दूर करावे. गरम इंजिनात इंधन भरू नये.

देखभाल

एअर फिल्टर धुळीने भरल्यास मिश्रणात हवा कमी पडते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवतात. प्लगची फट साधारणपणे ०.६ ते ०.७ मिमी असते. पाण्याचा टाकीतला साठा संपल्यावर पंप कोरडा चालू ठेवल्यास सील लवकर खराब होतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष हंगाम संपल्यावर होते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेले असे पेट्रोल कार्बोरेटर खराब करते व पुढच्या पावसाळ्यात इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मग यंत्र ठेवावे.

विषबाधेचा संदर्भ

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. जिल्ह्यात २० हून अधिक जण दगावले. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, कीटकनाशकांची मिश्रणे आणि अपुरी संरक्षक साधने यांच्याबरोबर जास्त दाबाच्या फवारणी पंपांचीही चर्चा झाली.

इंजिनाचा दाब अधिक व फवारा बारीक असल्यास थेंब हवेत जास्त काळ तरंगतात. उंच पिकात ते फवारणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतात. वाऱ्याकडे तोंड करून फवारणी करू नये, तसेच इंजिनाचा वेग नोझलला लागतो तेवढाच ठेवावा. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकून मोकळे करण्याची सवय घातक आहे. ते स्वच्छ पाण्याने व मऊ ब्रशने साफ करता येते. चालू इंजिनाचा धूर कार्बन मोनॉक्साइडयुक्त असल्याने ते गोठ्यात वा बंद खोलीत चालवू नये.