ठासणीची रायफल : लांब पल्ल्याची अचूकता

तोंडाकडून दारू व गोळी गजाने ठासून भरायची, नळीत सर्पिल खाचा असलेली बंदूक. शिकारीत तिचा पल्ला मुख्यतः गोळीचा आकार ठरवतो. शिशाची वाटोळी गोळी हवेच्या रोधाने पहिल्या 100 यार्डांतच जवळपास निम्मा वेग गमावते. त्यापुढे ती झपाट्याने खाली येते, वाऱ्यानेही ढळते. लांबट गोळी वेग टिकवते, पण तिला स्थिर ठेवण्यास खाचांचा पीळ घट्ट लागतो. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने हे ओळखले. एनफील्ड रायफलीत 78 इंचांत एक वेढा होता. त्याने षट्कोनी नळीत तो 20 इंचांत बसवला आणि 1857 च्या चाचण्यांत तिला सहज मागे टाकले. 1874 मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे 800 ते 1,000 यार्डांच्या सामन्यात आयरिश नेमबाजांच्या ठासणीच्या रिग्बी रायफली अमेरिकनांच्या मागून भरायच्या रायफलींपुढे अवघ्या 3 गुणांनी हरल्या. मात्र तेथे अंतर मोजलेले होते. रानात अंदाज थोडा चुकला तरी जनावर जखमी होऊन निसटते. काळ्या दारूची काजळी प्रत्येक बारानंतर साचते, दुसरा बार भरण्यास वेळ लागतो. म्हणून जाणता शिकारी पल्ल्यापेक्षा जवळ सरकण्यावर भिस्त ठेवतो.