ग्रहण पाहिले कोणी?

ग्रहणाचा इतिहास आपल्याकडे दोन वह्यांत लिहिलेला आहे. एक पंचांगकर्त्यांची, दुसरी साहेबांची. पहिलीत स्पर्श, मध्य, मोक्ष यांची घटिका-पळे आहेत. दुसरीत दुर्बिणी, वर्णपट आणि जिथे जिथे तळ पडले त्या गावांची नावे. ग्रहण चालू असताना गावाच्या रस्त्यावर उघड्यावर जो माणूस होता, त्याची साक्ष दोन्हींत नाही. तो मांग होता, कुठे महार होता. बाकीचे गाव दारे लावून आत बसलेले असताना "दे दान, सुटे गिराण" असे ओरडत फिरणे हे त्याला नेमून दिलेले काम होते.

माझा जन्म वाईजवळच्या एका मांगवाड्यातला. वाई हे घाटांचे आणि शास्त्र्यांचे गाव. ग्रहण लागले की कृष्णेत स्नान, मग जप, सुटले की पुन्हा स्नान आणि दान. पण दानाचे रस्ते दोन होते. ब्राह्मणाची दक्षिणा हातात पडे, पाणी सोडून, नमस्कारासह. आमच्या पाटीत पडे ते वरून: मूठभर जोंधळे, मीठ, फाटके लुगडे, एखादे नाणे. पहिल्या दानाने दात्याला पुण्य लागे. दुसऱ्याने त्याची पीडा उतरे. म्हणजे ती पीडा आम्ही घरी न्यायची! राहू हा मांग, त्याच्या जातभाईंना दिले की तो सूर्याला सोडतो, अशी समजूत होती. सूर्य गिळणाऱ्या अपराध्यालासुद्धा या व्यवस्थेने जात चिकटवली, आणि ती आमची.

हे अज्ञानातून झाले असे म्हणावे तर तसेही नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सांगून ठेवले होते. पंचांगातले ग्रहण गणितानेच निघते. राहूला विचारून कोणी वेळ काढत नाही. गणित एका घरात राहिले आणि राहू गावकुसाबाहेर पाठवला गेला. याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाले, अस्पृश्यता शास्त्राधाराने खोडून काढायला उभे राहिले, येथेच मराठी विश्वकोशाचे काम चालले, हेही नोंदवले पाहिजे. पण विश्वकोशाचे खंड मांगवाड्यापर्यंत चालत येत नाहीत.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरकडे गेला; वाई त्याच्या किंचित बाहेर राहिली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. (हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला असे कौतुकाने सांगतात. ते खरे नाही. ती गोष्ट १८६८ ची आहे आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते.) जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला होते. त्यांच्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या काळी गावात साहेबाचा तळ पडला की सरपण, गवत आणि ओझी कोणाच्या डोक्यावर येत, हे महारवतनाचा इतिहास जाणणाऱ्याला सांगायला नको.

त्यानंतर १६ फेब्रुवारी १९८०. योगायोग असा की दोन्ही दिवस शनिवारच, शनी अमावस्येचे. मी तेव्हा शाळामास्तर होतो. वाठारला गाडी धरली, मिरजेला बदलली आणि हुबळी गाठली. दुपारी शहराचे रस्ते ओस पडले होते. बाहेरच्या माळावर आम्ही पंधरावीस जण उभे. ऊन हळूहळू शिळे झाले, झाडाखालच्या कवडशांच्या कोरी झाल्या. साडेतीननंतर पश्चिमेकडून काळोख धावत आला आणि सूर्याच्या जागी एक काळे भोक उरले, भोवती चहूबाजूंनी पांढरी झळाळी. वर शुक्र दिसत होता. पाखरे गप्प. अडीच मिनिटांच्या आसपास हे चालले. मला रडू आले, ते का ते तेव्हा कळले नाही.

परत आल्यावर आजीला विचारले, तू एवढी ग्रहणे उघड्यावर काढलीस, तुला वर काय दिसायचे? ती म्हणाली, "वर कोण बघतंय बाबा? डोळं दाराकडं. कवा उघडतंय ते."

मांगवाड्यात त्याआधी वर्षभर वाद चालला होता. महारवाड्याने १९५६ नंतर ही ओरड टाकली होती. आमच्या पोरांनीही आता टाकायचे ठरवले. आजी विरोधात होती. "भीक न्हाई, हक हाय माझा," हे तिचे म्हणणे. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाईला पाटीभर धान्याचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळत होता. महारवतने १९५८ च्या कायद्याने गेली, त्याची निदान कागदावर नोंद झाली. गिराणाचा हक कुठल्याच दप्तरात नव्हता, त्यामुळे तो सोडल्याचीही नोंद नाही. सोडणाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन तो सोडला.

त्या शनिवारी आमच्या वाड्यातून पाटी निघाली नाही. आजी दिवसभर केरसुण्या बांधत बसली. दिवेलागणीला गावातून दोन घरचे निरोप आले: कुणी आलं न्हाई, दान तसंच पडलंय, येऊन घेऊन जा. ती उठली नाही.