परक्या प्रथिनाचा प्रवास

मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, पायावर बोट दाबले की खळगा राहू लागला, म्हणजे घरात पहिली आज्ञा सुटते ती मिठावर आणि दुसरी दुधाअंड्यांवर. माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी असेच झाले. दूध बंद, अंडे बंद, वरणसुद्धा बंद. मुलगा मात्र वाळत चालला. अन्नातील प्रथिन मूत्रपिंडास बाधते काय, या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. परंतु त्याचा आरंभ ताटापासून नव्हे, सुईपासून झाला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातून काढलेला रक्तरस टोचीत. त्याने प्राण वाचत. पण आठ-दहा दिवसांनी काहींना ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे दुखत, सूज येई, क्वचित लघवीत प्रथिनही सापडे. व्हिएन्नातील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या बालवैद्यांनी १९०५ साली या विकारावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मनात घर करून राहिले ते हे मधले आठ-दहा दिवस. रक्तरस मुळातच विषारी असता, तर त्याने पहिल्याच दिवशी आपला गुण दाखविला नसता काय? मग विलंब कशाचा? परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये घडविण्यास शरीराला तेवढा अवधी लागतो आणि दोहोंची गाठ पडली की आजार उद्भवतो, असे त्यांनी ताडले. राखणदारांनीच घराची नासधूस करावी, तसला हा प्रकार!

१९१३ साली अमेरिकेतील वॉरफील्ड लाँगकोप यांनी अंड्यातील पांढरा भाग प्राण्यांना वारंवार टोचून मूत्रपिंडाचा दाह उत्पन्न केला. पदार्थ ताटातला खरा, पण गेला सुईने. तोंडावाटे घेतलेल्या प्रथिनाचे जठर व आतडी तुकडे करतात. अखंड असे ते रक्तात फारच थोडे उतरते. हा भेद विसरला की सारा घोटाळा. पुढे फ्रँक डिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन सशांना टोचले आणि प्रथिन व प्रतिद्रव्य ही दोन्ही मूत्रपिंडाच्या गाळणीत साचलेली दाखविली.

हेच अल्ब्युमिन थोड्या प्रमाणात गाईच्या दुधातही असते. हाना डेबिएक, पिएर राँको आदी पॅरिसच्या संशोधकांनी गाळणीचा पडदा जाड होण्याचा विकार असलेले ५० रुग्ण तपासले. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. अकरा जणांच्या रक्तात या अल्ब्युमिनविरुद्धची प्रतिद्रव्ये भरपूर होती. त्यांतील चार बालके. बालकांतील अल्ब्युमिनवर धन विद्युत्भार होता. गाळणीच्या पडद्यावर असतो ऋण. साहजिकच ते तेथे चिकटले, आणि प्रतिद्रव्यांनी त्यास तेथेच गाठले. मोठ्या माणसांत तो भार नव्हता, म्हणून त्यांच्या मूत्रपिंडात ते आढळले नाही. तान्ह्या वयात आतड्यांची चाळण मोकळी असल्याने अखंड प्रथिन आत शिरत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

दूध पिणारी बालके कोट्यवधी. हा विकार जडतो तो अत्यल्पांना, आणि त्यासही रक्ताची तपासणी लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तसे काहीच पाहिले गेले नव्हते. डॉक्टरांनी दूध पुन्हा सुरू करावयास सांगितले, तेव्हा त्याच्या आजीने वाटीभर दिले. तेही आधी त्याच्या पायावर बोट दाबून पाहून.