स्वीट हनी इन द रॉक

आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांचा हा गायनगट बर्निस जॉन्सन रेगन यांनी १९७३ मध्ये वॉशिंग्टनमधील एका कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेच्या गायन-कार्यशाळेतून उभा केला. वीसहून अधिक गायिका त्यात येऊन गेल्या, तरी गट ओळखू येतो. कारण त्याची ओळख कुणा एकीच्या गळ्यात नसून पद्धतीत आहे : बहुतांशी वाद्यांविना, टाळ्या-खुळखुळ्यांच्या ठेक्यावर गुंफलेले आवाज, नागरी हक्कांच्या चळवळीत रुजलेली स्वरचित गाणी आणि मंचावरच शब्द हातांनी उलगडणारी सांकेतिक भाषेची दुभाषी. (तिला गटाची सदस्यच मानले गेले, हे विशेष.) रेगन गटातून निवृत्त झाल्यावर नुसते नाव उरले, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण ‘एलाज साँग’सारखे गटाचे गाणे त्यांचेच. पण गटातल्या गायिका इसाये बार्नवेलही तेवढ्याच ताकदीने रचना करीत. रेगन २००४ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतरही गट गात राहिला.