राक्षसाचा पासपोर्ट साइझ फोटो

आमच्या शाखेत रोज निदान दहा माणसं स्वतःचा पासपोर्ट साइझ फोटो घेऊन येतात आणि त्यांतली चार तरी त्या फोटोतली वाटत नाहीत. कागदोपत्री असतात, केवायसीचा फॉर्म तसं छातीठोकपणे सांगतो. पण फोटोतला इसम असा बघत असतो, की जणू नुकतीच त्याच्या घरावर जप्ती आली आहे, आणि काउंटरपलीकडचा इसम "काय साहेब, च्या झाला का?" म्हणून हसत असतो. मी एकदा फोटोकडे बघतो, एकदा त्याच्याकडे बघतो आणि देवाचं नाव घेऊन शिक्का मारतो.

वीस वर्षं हा उद्योग केल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की माणूस जितका हुबेहूब उतरवावा तितका तो ओळखायला अवघड. पूर्वी एकदा मी पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागं आमच्या तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांचं चित्र काढलं होतं. चित्र कसलं, चार रेघा : एक पोट, एक चष्मा आणि दोन भुवया. ती स्लिप शिपायापासून कॅशियरपर्यंत फिरली आणि प्रत्येकानं साहेबांना क्षणात ओळखलं. दुर्दैवानं साहेबांनीही ओळखलं.

ही जुनी जखम उघडायचं कारण म्हणजे परवा आमच्या घरात आलेला राक्षस.

तो आणला माझ्या भाच्यानं. हा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे शिकतो असं ताईचं म्हणणं आहे. सुट्टीला येताना त्यानं लेजरएवढं जाड एक इंग्रजी पुस्तक आणलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे, त्याचं हे पुस्तक. या खेळात पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. समोर राक्षस आला तर "मी पळतो" की "मी लढतो" हे सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासे दिसल्याबरोबर सौभाग्यवतीनं "माझ्या घरात जुगार चालणार नाही" असं जाहीर केलं. पण पुस्तक उघडल्यावर मला मात्र ओळखीचं वाटलं. प्रत्येक राक्षसाला एक पान, पानावर त्याचा फोटो, खाली त्याची ताकद, चिलखत, जमेच्या बाजू, नावेच्या बाजू. आमचंच खातेपुस्तक! फक्त खातेदार जरा बरे.

'आर' अक्षरापाशी आमचा घरचा खातेदार निघाला : राक्षस. नाव आपलं, पण तोंड वाघाचं, अंगावर भरजरी कपडे आणि हाताचे तळवे उलटे. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा रंगवलेला. भाच्यानं मग मोबाइलवर याच राक्षसाचं 1977 सालचं चित्र दाखवलं. नुसतं काळ्या रेघांचं. वाघोबा निवांत बसून पाइप ओढताहेत, थेट पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखे.

"मामा, जुनी चित्रं म्हणजे कार्टून. नवी बघा, किती रिअल!" भाचा म्हणाला.

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांना हे पटलं नाही. "जुनाच बेस्ट आहे," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळून विचारते झाले, "बाबा, खरा राक्षस कसा असतो?"

आता हा प्रश्न मला विचारावा? या प्रश्नापायी तर मी बँकेत आलो!

झालं ते असं. आमचं जयसिंगपूर पट्टीनं आखलेलं. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं गाव. रस्ते सरळ, चौक काटकोनात, गल्ल्यांना नंबर. अशा गावात भुतांची पंचाईत होते. भुताला वळणाची बोळ लागते. 'सातव्या गल्लीतला वेताळ' म्हटलं की तो पोस्टमन वाटतो. म्हणून आम्ही पोरं भुतं आणायचो 'चांदोबा'तून आणि काढायचो चित्रकलेच्या वहीत. एलिमेंटरीच्या तयारीत स्मरणचित्राला सरांनी 'जत्रा' हा विषय दिला. मी जत्रेच्या मधोमध एक राक्षस उभा केला. बटाट्यासारखं नाक, कपबशीएवढे डोळे.

"ह्यो कुठं बघितलास?" सर म्हणाले.

"चांदोबात."

"खरं बघून काढावं लेका. ह्यो खरा वाटत न्हाई." आणि त्यांनी राक्षसावर लाल फुली मारली. खरा राक्षस बघून काढायचा तर जायचं कुठं, हे काही ते बोलले नाहीत. मी चित्रकला सोडली आणि कॉमर्सला गेलो. तिथं सगळं खरं बघूनच लिहायचं असतं.

पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. सुट्टीच्या दिवशी, रद्दीच्या दुकानात, वाचनालयाच्या कोपऱ्यात मी राक्षस शोधत राहिलो. त्याचा हा ताळेबंद.

पहिली नोंद खिद्रापूरची. आमच्या शिरोळ तालुक्यातलंच हे कोपेश्वराचं देऊळ, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. खाली हत्तींची रांग आहे. हत्ती असे, की आत्ता कान हलवतील. तिथंच वर नजर टाकली की बटबटीत डोळ्यांची, जबडा वासलेली कीर्तिमुखं. हत्ती बघून कोरता येतो, कीर्तिमुख कुणी बघितलंय? त्या पाथरवटानं त्याचं नाक-डोळे हवे तसे फुगवले आणि मोकळा झाला. त्याच्या कामावर लाल फुली मारायला कुणी सर नव्हते.

दुसरी नोंद कोकणातली, कुडाळजवळच्या पिंगुळीची. तिथले ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र हातात धरून, वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारताच्या कथा सांगत. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे 'पोथी'. तिच्यातली माणसं एका बाजूनं दिसणारी, डोळे भले मोठे, रंग भडक. हुबेहूबपणाच्या नावानं शंख! पण समोर पणतीच्या उजेडात बसलेल्या माणसाला तेवढं पुरत असे. उरलेला राक्षस चित्रकथी आवाजातून पुरवी आणि त्याहून उरलेला ऐकणारा स्वतःच्या पोटातल्या भीतीतून. विचार केला तर भाच्याचा खेळ तरी दुसरं काय आहे? एक सांगतो, बाकीचे घाबरतात. फासे तेवढे नवे. या चित्रकथींपैकी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरातला त्यांचा फोटो मी कापून ठेवला.

मग आली हुबेहूबपणाची लाट. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता तैलचित्रांतून उतरून घरोघरच्या भिंतींवर आल्या. सीता काय, दमयंती काय, शेजारच्या वाड्यातून हळदीकुंकवाला आल्यासारख्या! देव माणसांत आले, मोठंच काम झालं. पण राक्षसांची आबाळ झाली. रविवर्म्याचं जटायुवधाचं चित्र आठवा. सीतेला घेऊन निघालेला रावण, हातात तलवार, मिशा पिळदार, देह कमावलेला. आणि डोकं एक! हुबेहूबपणाच्या हिशेबात बाकीची नऊ डोकी राइट-ऑफ झाली. तसंच होणार. माणसाच्या एका मानेवर दहा डोकी खरी वाटतील अशी बसवायची कशी? म्हणून मी म्हणतो, राक्षसाला मॉडेल मिळत नाही. खरा राक्षस काढायला बसलं की तालमीतला पैलवान तयार होतो. त्याला म्हशीची शिंगं आणि रानडुकराचे सुळे लावले तरी तो राक्षस होत नाही, शिंगं लावलेला पैलवान होतो.

हुबेहूबपणात ताकद नाही, असं मात्र कोल्हापूर जिल्ह्यात राहून म्हणता येणार नाही. आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हाताला असलेली पडदे रंगवायची कला कॅमेऱ्यात घातली, तो कॅमेराही घरीच बनवला, आणि 1920 साली 'सैरंध्री' काढला. त्यातला भीमानं केलेला कीचकवध इतका खरा वठला, की सरकारनं त्याला कात्री लावली. कार्टूनला घाबरून सरकारनं असं केल्याचं... नाही, हे वाक्य मागं घेतो. कार्टूनला सरकारं जास्तच घाबरतात.

चौथी नोंद म्हणजे माझं मूळ भांडवल : 'चांदोबा'. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला 1947 च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदमामा' सुरू केला; मराठी 'चांदोबा' 1952 साली आला आणि 2013 च्या सुमारास सगळाच कारभार थांबला. विक्रम आणि वेताळ म्हटलं की डोळ्यांपुढं येणारं चित्र 'शंकर' यांचं. के. सी. शिवशंकरन हे त्यांचं पूर्ण नाव. 2020 साली ते गेले. राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. बारकाईनं पाहिलं तर राजाचे स्नायू, धोतराच्या चुण्या, सगळं बरोबर. पण आजूबाजूची झाडं आणि कवट्या अशा, की ज्या वनखात्याच्या दप्तरी सापडायच्या नाहीत. राजा बघून काढलेला, रान मनातून आलेलं. म्हणजे पुन्हा खिद्रापूरचाच हिशेब! मी त्यातलं रानच बघत बसायचो. राजाला त्या रानात जावंच लागायचं, मी पान उलटून सुटायचो.

त्याच काळात आपल्याकडं दोन दुकानं समोरासमोर जोरात होती. एकीकडं रघुवीर मुळगावकर. त्यांचे देव आणि सुंदऱ्या इतक्या नितळ, की कॅलेंडरवरची तारीख बघायचं भान राहू नये. दुसरीकडं आमच्या भागातले दोघे : भोजेत जन्मून कोल्हापुरात शिकलेले शि. द. फडणीस आणि कोल्हापूरचेच वसंत सरवटे. फडणीसांच्या 1952 च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एका जोडीच्या कपड्यांवर उंदीर-मांजरं होती. एक शब्द न लिहिता सगळा मामला उघड! फडणीस हे जे. जे. मध्ये शिकलेले. म्हणजे खरं काढता येत नव्हतं म्हणून कार्टून काढलं, असा प्रकार नाही. खरं काढता येत होतं, त्यातलं काय सोडायचं हेही कळलं होतं. हे मला आठवीत कुणी सांगितलं असतं तर आज या काउंटरवर दुसराच कुणी बसला असता.

आता अमेरिकेची नोंद, म्हणजे ताळेबंद जुळेल. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा हजार खोके निघाले. एका खोक्यात तीन पुस्तिका. आतली चित्रं हौशी पोरांनी काढलेली, काही तर चक्क कॉमिकवरून गिरवलेली. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे आमचा पाइपवाला राक्षस जिथं आहे त्या पुस्तकात, डेव्हिड सदरलँड आणि डेव्हिड ट्रॅम्पियर यांचा हात मोठा. खेळ चालला, पैसा आला आणि 1980 नंतर लॅरी एल्मोरसारखे तैलरंगवाले आले. 1983 च्या लाल खोक्यावरचा त्याचा ड्रॅगन असा, की खवले मोजून घ्यावेत. तेव्हापासून भांडण सुरू आहे : रेघांचा राक्षस बरा की रंगांचा? एक पार्टी म्हणते, खऱ्यासारखं दिसल्याशिवाय भीती वाटत नाही. दुसरी म्हणते, सगळंच दाखवलंत तर आम्ही काय करायचं?

यातल्या ट्रॅम्पियरची गोष्ट भाच्यानं सांगितली आणि मी पुस्तक मिटलं. 'ड्रॅगन' मासिकात त्याची एक चित्रमालिका चालू होती. 1988 साली ती मध्येच थांबली. गोष्ट अर्धी राहिली आणि माणूस त्या जगातून नाहीसा झाला. लोकांना वाटलं, मेला असेल. चौदा वर्षांनी, 2002 साली, इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावच्या विद्यापीठाच्या पेपरात रात्रपाळीच्या टॅक्सीवर एक लेख आला, त्यात टॅक्सीवाला म्हणून हा सापडला. 2014 मध्ये तो वारला. टॅक्सी चालवणं वाईट नाही. बँकेत बसणंही वाईट नाही, हप्ते वेळेवर जातात. पण ज्या हातानं हजारो पोरांची झोप उडवली, त्या हातानं तो रात्री मीटर पाडत होता, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

त्या रात्री जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी एक कागद पुढं केला. "बाबा, मी काढलाय. कसा आहे?"

राक्षस होता. काउंटरमागं बसलेला. पोट टेबलावर ठेवलेलं, कपाळावर चष्मा, एका हातात शिक्का, तोंडातून सुळे. मी चष्मा खाली ओढला, घसा साफ केला आणि म्हणालो, "बरा आहे. पण खरा वाट..."

तिथंच जीभ अडली. तो आवाज माझा नव्हता. सरांचा होता. एवढी वर्षं माझ्या गळ्यात मुदत ठेवीसारखा पडून होता आणि आता व्याजासकट बाहेर येत होता.

तेवढ्यात सौभाग्यवती ओट्यावरून हात पुसत आली. कागद लांबूनच बघितला आणि म्हणाली, "अगबाई, हे तर हुबेहूब तुम्हीच!"

मी काही बोललो नाही. फ्रिजवर चिरंजीवांचा इंटरमिजिएट परीक्षेचा फॉर्म पालकाच्या सहीसाठी आठ दिवस पडून होता. "बघू, अभ्यासाचं वर्ष आहे" म्हणून मीच तो तिथं सरकवला होता. तो घेतला आणि सही केली. हात थोडा हलला. आमच्या बँकेत ही सही आली असती तर नमुन्याशी जुळत नाही म्हणून मीच परत पाठवली असती. पण होती ती माझीच.