अथेन्सच्या वाटेवर आधी तेर



प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत हल्ली एक चित्र हमखास असतं. खाली निळा समुद्र, डोंगरउतारावर पांढरीशुभ्र घरं आणि त्यांवर निळे घुमट. हे ग्रीस देशातलं सँटोरिनी बेट. आपल्या नांदेड-लातूरकडूनही आता माणसं असल्या सहलींना निघतात. कुणाला परदेशातली मुलं बोलावतात, कुणी भिशीचे पैसे साठवून जातं. पण घरात विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "एवढा पैसा घालून पडकी देवळंच बघायची ना? आपल्या माहूरच्या गडावर काय कमी आहेत?" प्रश्न खवचट असला तरी चांगला आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने एक पुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही. कोणत्या बंदरात काय विकतं आणि तिथून काय आणावं, याची ती टिपणवही आहे. तीत आपला मराठवाडा आहे! भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर, असं त्याने लिहून ठेवलंय. पैठणहून अकीकासारखे दगड यायचे. तगरहून यायचं कापड. साधं कापड पुष्कळ, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल. धड रस्ता नसलेल्या मुलखातून हा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि तिथून जहाजात चढायचा.

हे तगर म्हणजे धाराशिवजवळचं तेर. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी तिथली माती समुद्रापारच्या लोकांना ठाऊक होती. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आज तेरला आहे. तिथे रोमन धाटणीचे दिवे आहेत, दोन साच्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत, आणि हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशीच दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी असलेली हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्याच्याही आधी ती आपल्या देशातून तिथे पोचली होती.

आता जरा थांबून विचार करा. गाड्या भरभरून कापड निघायचं, तर त्याचं सूत कुणी कातलं असेल? त्या व्यापाऱ्याने ते लिहिलेलं नाही. पण कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सूतकताईचं काम विधवा, अपंग बाया, कुमारिका, म्हाताऱ्या दासी यांच्याकडून करून घ्यावं, असं सांगितलंय. तेरच्या मलमलीचं सूतही अशाच हातांतून गेलं असणार. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की, दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तानात जातात. आमच्या चैनीची आणि आमच्या बायकांची ही किंमत. तिकडे खर्चाचा दोष बायकांवर आला, आणि इकडे ज्यांनी सूत कातलं त्यांचं नाव कुठेच आलं नाही.

बदल्यात भडोचला काय उतरायचं, तेही त्या टिपणवहीत आहे. दारू, तांबं, कथील, काच, सुरमा आणि पोवळं. मंगळसूत्रात किंवा बाळाच्या गळ्यात आपण जे लाल पोवळं घालतो, त्याचं जुनं माहेर भूमध्य समुद्रच. पण त्याच यादीत, राजासाठी आणायच्या चीजवस्तूंमध्ये, चांदीची भांडी आणि उंची दारू यांच्या ओळीत सुंदर मुलीही आहेत, जनानखान्यासाठी. कुठल्या गावच्या लेकी त्या, कुणी विकल्या, काही लिहिलेलं नाही. जुन्या व्यापाराच्या वैभवाच्या गोष्टी ऐकताना ही ओळ विसरू नये.

तिकडून माल आला, तशी माणसंही आली. आपल्या लेण्यांमध्ये 'यवन' म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत. हा शब्द आयोनियावरून, म्हणजे ग्रीकांच्या मुलखावरून आला. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. नाशिकच्या लेण्यात इंद्राग्निदत्त या यवनाने आपल्या आईवडिलांच्या पुण्यासाठी लेणं आणि टाकं खोदवलं. आपल्यासारख्या पाण्यासाठी वणवण केलेल्या बायांना या दानाचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून म्हणते, ग्रीसला जायचं तर वाट तेरवरून काढा. एका सुट्टीत तेर: संग्रहालय, गोरोबाकाकांचं मंदिर आणि विटांचं त्रिविक्रम मंदिर. हे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होतं, असं अभ्यासक मानतात. दुसऱ्या सुट्टीत पैठण, तिसऱ्या सुट्टीत जुन्नर किंवा नाशिक. पडक्या भिंतीकडे कसं बघायचं, हे इथे शिकलं की तिथलं तिकीट वसूल होतं.

मग अथेन्स. तिथल्या टेकडीवर पार्थेनॉन आहे, अथेना देवीचं देऊळ, इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधलेलं. देवीच्या उत्सवात तिला नवं वस्त्र अर्पण करायचे, आणि ते वस्त्र शहरातल्या मुली आणि बाया कित्येक महिने खपून विणायच्या. रेणुकामातेला साडीचोळी नेणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. देवळाच्या शिल्पपट्टीत ते वस्त्र हाताळतानाचा एक प्रसंग कोरलेला आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो मूळ दगड मात्र आज अथेन्समध्ये नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पं उतरवून नेली, त्यांत तोही गेला. तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता थोडं तयारीचं. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. जुलै-ऑगस्ट टाळा. तेव्हा ऊन आपल्या मे महिन्यासारखं असतं, आणि अलीकडे फार तापलं तर भर दुपारी पार्थेनॉनची टेकडी बंद ठेवतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. टेकडीवरचा संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालाय, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. बेटांवर बोटीने जातात आणि वारा सुटला की बोटी थांबतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. मिकोनोसजवळचं डेलोस बेट चुकवू नका. एकेकाळची ही मोठी व्यापारपेठ आता नुसते अवशेष आहे. सकाळी जाऊन दुपारी परतायचं. शाकाहारी बायांनी काळजी करू नये. तिथेही धार्मिक उपवास कडक असतात आणि त्या दिवसांत चालणारे पदार्थ खानावळींत मिळतात. सँटोरिनीचं 'फावा' आपल्या लाखेच्या डाळीच्या कुळातल्या दाण्यांचं असतं, घट्ट वरणासारखं.

एक शेवटचं. माहूरला वर्षभर बाया येतात. कुणी नवस बोलायला, कुणी फेडायला. आपणही घराबाहेर पडतो ते देवासाठी, माहेरासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. फक्त बघायला आणि समजून घ्यायला जायचं, असं म्हणायला अजून जीभ अडखळते. पण आपल्या आज्या-पणज्यांनी कातलेलं सूत दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलंय. त्यामागून आपणही जायला हरकत नाही. ज्यांना आज एवढं लांब परवडत नाही, त्यांच्यासाठी धाराशिवची एसटी आहे. तेरच्या त्या छोट्या हस्तिदंती बाईसमोर जरा वेळ उभ्या राहून या.