तरंगमबाडी: भोसल्यांचे डॅनिश भाडेकरू

चेन्नईत येऊन दोन वर्षं झाली तरी तरंगमबाडी राहूनच गेलं होतं. शेवटी परवाच्या विकांताला लॅपटॉप खोलीवर टाकला आणि बस पकडली.

1792 च्या वेशीतून आत शिरलं की रस्ता थेट समुद्राकडे जातो. तिथे डान्सबोर्ग किल्ला. मिऱ्यांच्या व्यापारासाठी डॅनिश लोकांनी 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून ही जागा मिळवली, वर्षाला ठराविक रक्कम भरायच्या बोलीवर.

आता गंमत बघा. 1676 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले. म्हणजे डॅनिशांचे घरमालक चक्क भोसले! शाळेत हे कुणी सांगितलंच नाही. मालक-भाडेकरू म्हटल्यावर भांडणं आलीच. 1699 मध्ये तंजावरच्या फौजेने गावाला वेढा घातला. मद्रासहून इंग्रजांची कुमक आली म्हणून डॅनिश वाचले.

इथेच 1715 साली तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला. भाषांतरकार त्सिगेनबाल्ग याला 1708 मध्ये खुद्द डॅनिश गव्हर्नरनेच चार महिने कोठडीत डांबलं होतं. (मॅनेजरच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

1845 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरसकट हे गाव साडेबारा लाख रुपयांत इंग्रज कंपनीला विकलं गेलं.

किल्ल्याजवळचं मासिलामणि नाथर देऊळ मात्र या सगळ्यांच्या आधीचं, चौदाव्या शतकातलं. त्याचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच गिळलाय. उरलेल्या भिंतीजवळ अंधार पडेपर्यंत बसलो. परतीची बस अर्थातच चुकली.